वेणूच्या वन्सं

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर असलेल्या धोंडिबा रणपिश्यांची थोरली मुलगी अंजनी मुंबईला जाऊन नक्की काय शिकते, हे वस्तीत कोणालाच नीट कळलं नव्हतं. धोंडिबांनाही नाही. पण मुलगी बी.ए. होऊन पुढे आणखी दोन वर्षं शिकते म्हटल्यावर बापाला चार लोकांत काहीतरी सांगावं लागतंच. विहाराच्या कट्ट्यावर कोणी विचारलं, की ते शर्टाची कॉलर सारखी करून सांगत, "समाजकार्याचं एम.ए. आहे. त्यात फॅमिलीचा विषय घेतलाय तिनं. नवरा-बायकोची भांडणं सोडवायची, मोडणारी घरं सावरायची." यावर रामभाऊ नावाचे शेजारी एकदा म्हणाले होते, "त्याला कॉलेज कशाला लागतंय हो? आमची म्हातारी चुलीतलं लाकूड उचलायची, की दोघंबी गप!" कट्टा हसला. "पोरीचं स्वतःचं लगीन नाय, आणि दुसऱ्याला नांदायला शिकवणार," असंही कोणीतरी म्हणालंच. अशी माणसं प्रत्येक कट्ट्यावर असतात. त्यांना पगार नसतो, तरी ती कधी रजा घेत नाहीत.

अंजनी तिकडे कानाडोळा करी. तिला शिक्षणच पुरेसं जड जात होतं. तास इंग्रजीतून चालत. पुस्तकं अमेरिकेतली. त्या पुस्तकांतले नवरा-बायको एका सोफ्यावर बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघत मनातलं बोलत. मध्ये सासू नाही, दीर नाही, भिंतीपलीकडे कान लावून बसलेली शेजारीण नाही. अंजनीने आपल्या वस्तीत डोळ्यांत बघून बोलणारं जोडपं पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी आता मारामारी होणार असंच तिला वाटलं असतं. पण परीक्षेत लिहायचं ते पुस्तकातलंच. नियम तिने घोकून पाठ केले होते. समोरच्याला सल्ला द्यायचा नाही. बाजू घ्यायची नाही. तो गप्प बसला तर आपण बोलून ती जागा भरायची नाही, कारण गप्प बसण्यातही अर्थ असतो. आणि प्रत्येक मुलाखतीनंतर घरी येऊन शब्दन् शब्द लिहून काढायचा. त्या लिहिण्याला रेकॉर्डिंग म्हणत. त्यावर कॉलेजातल्या मॅडम लाल शाईने शेरे मारत.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये, तिला प्रत्यक्ष कामासाठी उल्हासनगरचं केंद्र मिळालं. आठवड्यातले दोन दिवस. चार नंबर कॅम्पात एका धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि दारावर पाटी होती, 'कौटुंबिक सल्ला केंद्र'. सल्ला द्यायचा नाही असं शिकलेली मुलगी सल्ला केंद्रात कामाला लागली. केंद्राच्या प्रमुख भागीरथीबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांना समेटाचा भारी सोस. वर्षाअखेर अहवाल पाठवावा लागे आणि त्यात 'समेट झालेली प्रकरणे' असा एक रकाना होता. 'बाई वेगळी झाली आणि आता सुखात आहे' असा रकाना कोणी आखलाच नव्हता. जे रकान्यात बसत नाही ते सरकारी कागदाच्या लेखी घडतच नाही.

सप्टेंबरात वेणू आली. बरोबर तिची मावशी गोजरबाई आणि सात वर्षांची मुलगी जनू. वेणू पंचविशीची, चौथी शिकलेली, बदलापूरच्या बेलवलीत दिलेली. नवरा हिरामण अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. घरची थोडी भातशेती. दारू नाही, जुगार नाही, बाहेर सगळ्यांशी गोड. फक्त कामावर जाताना तो घराला बाहेरून कुलूप लावी. आत बायको आणि मुलगी. शिफ्ट आठ तासांची, डबल मारली तर सोळा. परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घेई की खिडकीशी कोण आलं होतं. कोणी आलं होतं असं कळलं तर मारी, नव्हतं आलं तर लपवतेस म्हणून मारी. ऑगस्टात जनूला कडक ताप भरला तेव्हा वेणूने खिडकीतून ओरडून सासूला बोलावलं. सासू बनूबाई शेजारच्या पडवीत राहायची. तिने येऊन कुलूप हलवून पाहिलं आणि म्हणाली, "किल्ली त्याच्यापाशी हाय. येल तो संध्याकाळी. पानी लाव कपाळाला." त्या संध्याकाळी दार उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेलेला असताना वेणू पोरीला घेऊन मावशीकडे निघून आली.

हे तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. अंजनीला "ताई, ताई" करत ती भडाभडा बोलायची. दुसऱ्या भेटीत तर तिने पाठीवरचे वळही दाखवले. अंजनी घरी आली की स्टोव्हच्या आवाजात, जमिनीवर पालथी पडून सगळं लिहून काढी. मॅडमचे शेरे चांगले येऊ लागले.

केंद्राच्या अर्जात शेवटी एक प्रश्न होता, 'अर्जदाराची अपेक्षा'. वेणूने तो कोरा सोडला होता. तिसऱ्या भेटीत अंजनीने त्याबद्दल विचारलं, तर वेणूने जनूला बाहेर पिटाळलं आणि हळूच म्हणाली, "ताई, बाईनं वेगळं राहायचं म्हटलं, तर पोर बापाकडे जाते का हो?"

सरळ प्रश्न होता आणि सरळ उत्तर द्यायला हवं होतं. निदान, वकिलाला विचारून सांगते, एवढं तरी. पण नियम पाठ होते ना. अंजनी पुस्तकातल्यासारखी किंचित पुढे झुकली आणि म्हणाली, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, वेणू?"

वेणूने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटून काय होतंय ताई," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "दिवाळी जाऊ दे. सणासुदीचं तोंडातून वंगाळ काढायला नको. दिवाळी झाली की सांगते, तुम्ही लिहून घ्या."

एवढ्यावर ठेवलं होतं तिने. तिच्या मनात काय होतं ते आपण आधीच सांगून टाकू, कारण अंजनीला ते फार उशिरा कळलं. गोजरबाई एका सिंधी सेठच्या कारखान्यात पँटींना काजं-बटणं करायची. त्या सेठने दिवाळीनंतर वेणूलाही मशीनवर घ्यायचं कबूल केलं होतं. मावशीच्या खोलीत माळा होता. जनूचं नाव जवळच्या शाळेत घालता येत होतं. वेणूला फक्त एक कागद हवा होता, की ती नवऱ्यापासून वेगळी राहते आणि मुलगी तिच्यापाशी राहील. असा कागद ही शिकलेली ताई करून देईल, अशी तिला आशा होती. मावशीला तिने बजावलं होतं, तू काही बोलू नको, मीच सांगेन ताईला.

इकडे कॉलेजने कळवलं की डिसेंबरपर्यंत एक तरी प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण झालेलं हवं. आणि त्यात गृहभेट हवीच. हिरामणला सुट्टी असेल असा दिवस बघून अंजनी बेलवलीला गेली. तो दिवस होता भाऊबीजेचा.

धोंडिबांच्या घरात भाऊबीज नव्हती. छप्पन्न सालानंतर त्यांनी घरातले देव गोळा करून वालधुनी नदीत सोडले, त्यांच्याबरोबर सणही गेले. शिवाय अंजनीच्या पाठीवर भाऊ नव्हता. तेव्हा भाऊबीज म्हणजे फॅक्टरीला सुट्टी, एवढंच तिला ठाऊक. पण आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. सातवीत असताना ती एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती, तेव्हा तिला उंबऱ्याबाहेरच वाण देऊन वाटेला लावलं होतं. मैत्रीण आतून बघत होती. धोंडिबांना कळलं तेव्हा त्यांनी ते वाण गटारात फेकलं आणि अंजनीला म्हणाले, "त्यांच्या उंबऱ्यात परत जायचं नाय." ती गेली नाही. पण उंबऱ्याच्या आत काय असतं, ही टोचणी तिला राहिलीच. एम.ए.च्या वर्गातही ती टोचणी घेऊनच बसली होती, आणि त्यावर पुस्तकात एकही धडा नव्हता.

बेलवलीच्या त्या घरात तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. बनूबाई म्हणाली, "ये गो बाय, बस." करंज्या आल्या, चहा आला. हिरामण हात जोडून समोर बसला. चूक झाली म्हणाला, डोक्यात सैतान शिरतो म्हणाला, पोरीची आठवण येते म्हणाला. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. मग म्हणाला, "ताई, मला सख्खी बहीण नाय. आज सगळ्यांचे पाट मांडलेत, माझाच पाट रिकामा. तुम्ही ओवाळाल काय मला?"

अंजनी गडबडली. "अहो, आमच्यात... म्हणजे मी कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत हाय ना. आडनावावरून कळतंय. आता कोण मानतो जातपात?"

एवढं एक वाक्य अंजनीला पुरलं. क्लायंटकडून काही घ्यायचं नाही, क्लायंटशी नातं जोडायचं नाही, हे नियम तिला अगदी त्या क्षणीही आठवत होते. पण एका घराने तिला उंबऱ्याच्या आत, पाटासमोर, ताट हातात देऊन उभं केलं होतं, आणि 'नको' म्हणणं तिच्या जिवावर आलं. बनूबाईने शिकवलं तसा तिने टिळा लावला, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली, निरांजन ओवाळलं. हिरामणने ताटात एक खण टाकला. ती तो पिशवीत घालून घरी आली आणि बापाला न दाखवता ट्रंकेत तळाशी ठेवला.

रेकॉर्डिंगमध्ये मात्र तिने सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. मॅडमचं घर मुंबईत समुद्रासमोर होतं आणि त्यांनी बेलवली नकाशावरही पाहिली नव्हती. त्यांनी लाल शाईत लिहिलं, 'क्लायंटच्या संस्कृतीशी उत्तम जवळीक साधली.' खाली दोन रेघा. घ्या! ज्या चुकीसाठी कान उपटायला हवे होते, तिलाच मार्क मिळाले.

पुढच्या आठवड्यात नवरा-बायकोची एकत्र बैठक ठेवली. वेणू आधी येऊन बसली होती. नेहमीसारखी खुर्चीवर, डोक्यावर पदर नाही, हातात रुमालाची गुंडाळी. आज ती सांगणार होती. तेवढ्यात हिरामण आला, पेढ्यांचा पुडा अंजनीच्या टेबलावर ठेवला आणि बायकोला म्हणाला, "ओळखतेस काय या कोण ते? या आता परक्या नायत. भाऊबीजेला मला ओवाळलंय त्यांनी, आईच्या समोर. माझी बहीण हाय ही. ऊठ, नमस्कार कर वन्संना."

वेणू उठली. तिने अंजनीकडे एकदा पाहिलं, जणू ते खोटं आहे असं अंजनी म्हणेल म्हणून वाट पाहिली. अंजनी हसली. अवघडून हसली, पण हसलीच. वेणूने पदर डोक्यावर घेतला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. "अगं, नको नको," अंजनी म्हणाली. पण खरं सांगायचं तर तिचं काळीज आनंदाने भरून आलं होतं. असं तिच्या पायाशी आजवर कोणी वाकलं नव्हतं, आणि त्या क्षणी तिला वेणू दिसलीच नाही, फक्त वाकलेली पाठ दिसली. त्याच पाठीवरचे वळ तिने महिन्यापूर्वी पाहिले होते.

मग नियमाप्रमाणे तिने हिरामणला बाहेर बसवलं आणि वेणूला एकटीला विचारलं, "बोला. दिवाळीनंतर सांगते म्हणाला होतात."

वेणू आता खुर्चीवर बसायला तयार नव्हती. भिंतीला टेकून उभी राहिली. "काय नाय, वन्सं."

"असं कसं? तुमची अपेक्षा काय आहे?"

"तुम्ही म्हणाल तसं, वन्सं."

लेकी-सुनांच्या या मुलखात शेंबडं पोरही सांगेल की मनातलं नणंदेला सांगत नसतात. नणंदेच्या कानात पडलं ते नवऱ्याच्या ताटात वाढलंच समजायचं. पण अंजनी त्या क्षणी मुलखात नव्हती, पुस्तकात होती. ती शांत बसली. गप्प बसण्यातही अर्थ असतो. चांगली पाच मिनिटं ती थांबली. वेणू पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत राहिली. अर्थ होताच त्या शांततेत, पण तो अंजनीने स्वतःला हवा तसा लावला. रेकॉर्डिंगमध्ये तिने लिहिलं, 'क्लायंट अंतर्मुख. निर्णय पक्का होत असावा.' आणि अर्जातल्या कोऱ्या जागेत स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सासरी नांदायला जायचे आहे.' वेणूने खाली सही केली. हिरामणने कुलूप न लावण्याचं, हात न उचलण्याचं लिहून दिलं. भागीरथीबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. जनू तेवढी पेढा हातात धरून उभी राहिली, खाल्ला नाही.

तीन आठवड्यांनी गोजरबाई केंद्राचा जिना चढून आली. बसली नाही, पाणीही घेतलं नाही.

"पोरी, तू शिकलेली ना?" तिने अंजनीला विचारलं. "मग एवढी अक्कल नाय तुला? सेठनं आठ दिवस मशीन खाली ठेवली होती तिच्यासाठी. माळा झाडून ठेवला होता मी. ती तुला सांगणार होती, मला कागद करून दे, मला वेगळं राहायचंय. आणि तू बसलीस तिची नणंद होऊन! नणंदेला कोण सांगतं गं, मला तुझ्या भावाला सोडायचंय म्हणून?"

अंजनी खुर्चीतून उठली. "तिनं... तिनं मला एकटीत तरी सांगायचं होतं..."

"एकटी कसली? नणंद एकटी असते काय कधी?" गोजरबाईचा आवाज चढला. "आणि कोणाची नणंद झालीस तेही ऐक. तू उंबऱ्याबाहेर पडलीस ना, तर त्या बनूनं ते ताट राखेनं तीनदा घासलं आणि गोठ्यात नेऊन ठेवलं. शेजारणीनं सांगितलं वेणूला, ताट तर तिनं स्वतः पाहिलंय गोठ्यात, काल सांगितलं मला खिडकीतून. हो, खिडकीतूनच! कुलूप लागलं परत. चौथ्या दिवशीच लागलं."

पायऱ्या उतरताना गोजरबाई सिंधी, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांत शिव्या घालत गेली, आणि त्यातली एकही अनाठायी नव्हती.

अंजनी त्याच दुपारी बेलवलीला गेली. दाराला पितळी कुलूप होतं. पडवीत बनूबाई सुपात तांदूळ पाखडत होती, तिने मान वर केली नाही. अंजनी मागच्या खिडकीशी गेली आणि हाक मारली. वेणू गजांपाशी आली.

"वेणू, मला सगळं कळलंय. मी तुझी कोणी नणंद-बिणंद नाही. मी लिहिते, आपण पुन्हा अर्ज करू. तू फक्त हो म्हण."

वेणूने एकदा पडवीच्या दिशेने कान दिला. "बरं चाललंय माझं, वन्सं," ती मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल अशी म्हणाली. "हे काळजी घेतात." आणि खिडकीचं दार आतून लावून घेतलं.

अंजनीने मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, क्लायंटने स्वतः अर्ज केला तरच प्रकरण पुन्हा उघडता येतं, आपण तिचा निर्णय मानायला शिकलं पाहिजे. अंजनीने भागीरथीबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, अगं, भांड्याला भांडं लागायचंच. अंजनीने बापाला मात्र सांगितलं नाही. खण कुठून आला ते सांगावं लागलं असतं. एप्रिलात निकाल लागला, प्रत्यक्ष कामात तिला पहिला वर्ग मिळाला. धोंडिबांनी विहारात खीर वाटली आणि रामभाऊंना दोनदा वाढली.

लाज वाटली म्हणून कोणी नोकरी सोडत नाही. अंजनीनेही सोडली नाही. आधी त्याच केंद्रात, मग अंबरनाथच्या दुसऱ्या केंद्रात ती लागली, आणि सत्त्याण्णव साली तिथली प्रमुख झाली. काम मन लावून करायची. अर्जातली ती जागा कोणाच्याही वतीने स्वतः भरायची नाही, हा तिचा दंडक होता. बायकांनी सरळ विचारलं तर सरळ उत्तर द्यायची, कायदा काय, पोटगी काय, पोर कोणाकडे राहतं. कितीतरी बायकांना तिने वेगळं राहायला मदत केली, त्यापायी वरून बोलणीही खाल्ली. लग्न केलं नाही. दुसऱ्यांचे संसार बघून घाबरली, असं कट्टा म्हणे. तिच्याकडे आता कॉलेजच्या मुली शिकायला येत. त्यांना ती भाऊबीजेची गोष्ट सांगायची, नावं बदलून. नणंदेचं, ताटाचं, पाच मिनिटांच्या शांततेचं, सगळं. फक्त ती चूक 'आमच्या वेळच्या एका विद्यार्थिनीची' म्हणून सांगायची. मुली वहीत लिहून घेत, एखादी म्हणे, "कसली मूर्ख असेल ना मॅडम!" अंजनी "हो" म्हणायची आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायची.

दोन हजार सालच्या फेब्रुवारीत एका सकाळी दारात एक बाई उभी राहिली. केस अर्धे पांढरे, समोरचा दात पडलेला. तिच्या मागे एकोणीस वर्षांची मुलगी. बाई वाकून पाया पडली तेव्हा अंजनीला ओळख पटली. ती पाठ ती विसरली नव्हती.

"वन्सं, आठवते काय मी?" वेणू म्हणाली. "ही जनू."

वेणू खुर्चीवर बसली. हिरामणची कंपनी बंद पडून चार वर्षं झाली होती. दम्याने तो घरीच बसून असे. कुलूप लावायला आता शिफ्टच उरली नव्हती. बनूबाई गेली. जनूचं लग्न मागच्या मे महिन्यात अंबरनाथलाच करून दिलं होतं. जावई रिक्षा चालवायचा. त्याने जनूच्या दंडावर उलथन्याचा चटका दिला होता, तो जनूने न विचारताच बाही वर करून दाखवला. महिनाभर ती माहेरी होती. शेजारचे विचारत होते.

अंजनीने अर्ज पुढे केला. जनू बारावी झालेली. तिने भराभर सगळं भरलं आणि शेवटच्या जागेत न थांबता लिहिलं, 'मला वेगळे राहायचे आहे. मला नर्सिंगचा कोर्स करायचा आहे.'

अंजनीने ते वाचलं. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते कोणीतरी परत आणून हातात दिलं, असं तिला वाटलं. तिला रडू येईल की काय अशी भीती वाटली. "होईल," ती म्हणाली. "सगळं होईल, जनू. मी स्वतः करीन."

"काय होईल?" वेणूने विचारलं. जनूने वाचून दाखवलं. वेणू खुर्चीतून उठलीच. "वन्सं, त्यासाठी नाय आणली मी हिला! हिला समजवा. ही माझं ऐकत नाय. मला समजावलं तुम्ही, तसं हिला समजवा. म्हणून तर तुमच्यापाशी आणली."

अंजनीने दार लावून घेतलं. बारा वर्षं दुसऱ्याच्या नावावर खपवलेलं तिने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने सांगितलं. "वेणू, मी तुला समजावलं नव्हतं. मी चुकले होते. तुला वेगळं राहायचं होतं, मला कळलं नाही. तुझ्या मनात नसताना मी नांदायला जायचं लिहिलं. माझी चूक होती ती. मला माफ कर."

वेणू बघतच राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता. घाबरली होती ती.

"असं नका म्हणू," ती म्हणाली. "वन्सं, असं नका म्हणू. मार खाताना मी काय म्हणायची माहीत हाय? म्हणायची, एवढं शिकलेल्या बाईनं विचार करून पाठवलंय, म्हणजे काहीतरी बघूनच पाठवलं असेल. माझंच कुठंतरी चुकतंय. त्यावर दिवस काढलेत मी. आणि आता तुम्ही म्हणता चूक झाली? मग माझी बारा वर्षं कुठं नेऊन टाकू मी? सांगा ना, कुठं टाकू?"

ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली. जनू उभी राहिली. आईला मार खाताना तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, पण असं रडताना पाहिलं नव्हतं. तिने आईचे खांदे धरले.

"आई, रडू नको. ऐक, रडू नको तू. जाते मी. उद्या जाते."

"जनू, जाऊ नकोस," अंजनी म्हणाली. सल्ला द्यायचा नाही, बाजू घ्यायची नाही, सगळं गेलं उडत. तिने जनूचा हात धरला. "मी सांगते तुला, जाऊ नकोस. आईचं मी बघते."

जनूने हात सोडवून घेतला. जोरात नाही, हळूच. "तेव्हा आईला जा म्हणालात, आता मला जाऊ नको म्हणता," ती म्हणाली. "दोन्ही वेळा तुम्हीच. तुमचं नक्की कुठलं ऐकायचं?"

जनूने टेबलावरचा अर्ज घेतला, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये टाकला. आईला हाताला धरून ती दारापर्यंत गेली. वेणूने डोळे पुसले, डोक्यावर पदर घेतला, आणि मागे वळली. तिचा चेहरा आता निवळला होता.

"बघा," ती समाधानाने म्हणाली, "महिनाभर कोणाचं ऐकत नव्हती. तुमच्यासमोर आणली आणि ऐकलं पोरीनं. तुमचे उपकार झाले, वन्सं."